घरातील अधिकार, गावातील नेतृत्व

(मुळशी तालुक्यातील पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या सदस्याला अधिनियमातील कलमे समजावून दिली जातात, अंदाजपत्रक वाचायला शिकविले जाते, सभेचे इतिवृत्त कसे असावे हे सांगितले जाते. शिक्षकाला अध्यापनाची पदविका घ्यावी लागते आणि अधिकाऱ्याला प्रशिक्षण संस्थेत काही काळ काढावा लागतो. परंतु हाती आलेला अधिकार कसा वापरावा, दुसऱ्याकडून काम कसे करून घ्यावे, चुकणाऱ्याशी कसे वागावे, याचा पहिला धडा या तिघांनीही त्यापूर्वी कितीतरी वर्षे अगोदर घेतलेला असतो. तो धडा घरात मिळतो आणि आईवडील तो देतात. बहुधा तो देत असल्याची त्यांना कल्पनाही नसते. या धड्याची परीक्षा पुढे कोणी घेत नाही, आणि म्हणूनच तो प्रत्येकाने स्वतः तपासून पाहण्याची आवश्यकता आहे.

वडील हुकमी असले म्हणजे मुलगा हुकमी निघतो, आई सोशिक असली म्हणजे मुलगी सोशिक होते, इतके हे सरळ गणित नाही. आईवडिलांकडून मुलाला दोन वेगवेगळ्या गोष्टी मिळत असतात. एक म्हणजे आयुष्यात काय करावे याविषयीचे ध्येय, आणि दुसरी म्हणजे ते करताना माणसांशी कसे वागावे याविषयीची रीत. ध्येय बहुधा शब्दांतून मिळते, रीत मात्र आचरणातून. ज्यांचे घरात काही चालत नाही, त्या गड्याशी, दाराशी आलेल्या याचकाशी, आश्रयाला राहिलेल्या परक्या मुलाशी आईवडील कसे वागतात, हे मूल पाहत असते. नेतृत्व म्हणजे काय याविषयीची त्याची कल्पना तेथे तयार होते.

वडिलांचा संकल्प आणि मुळशीची गावे

मुळशीत या विषयाचा विचार करताना येथील जलाशयाकडे पाठ फिरविता येत नाही. सह्याद्रीवर पडणारे पावसाचे पाणी अडवावे, ते कोकणात खाली सोडून त्यापासून वीज निर्माण करावी आणि कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालवाव्यात, हा संकल्प जमशेटजी टाटा यांचा. तो पुरा झालेला पाहण्यास ते राहिले नाहीत. १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचे निधन झाले. हा संकल्प तडीस नेला तो त्यांचे ज्येष्ठ पुत्र दोराबजी यांनी. १९१५ मध्ये खोपोलीचे, १९२२ मध्ये भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. भिऱ्याला पाणी पुरविणारे धरण ते मुळशीचे.

वडिलांच्या ध्येयावर मुलाची निष्ठा किती असावी, याचे दोराबजी हे असामान्य उदाहरण आहे. लोखंडाच्या खाणींच्या शोधात त्यांनी मध्य प्रांताची रानेवने पालथी घातली. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना बंद पडण्याच्या बेतात आला, तेव्हा त्यांनी आपली वैयक्तिक मालमत्ता आणि पत्नी मेहेरबाई यांचे दागिनेही बँकेकडे तारण ठेवले. अशी प्रेरणा केवळ नफ्याच्या आशेने येत नाही. वडिलांनी सोडलेले काम आपल्या हातून अर्धवट राहू नये, ही भावना तिच्या मुळाशी असते. जमशेटजींची दृष्टीही संकुचित नव्हती. १९०२ मध्ये दोराबजींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी नियोजित पोलादनगरीतील रस्ते रुंद असावेत, त्यांवर सावली देणारी झाडे असावीत, मुलांना खेळायला मैदाने आणि सर्व धर्मीयांना प्रार्थनास्थळे असावीत, असे आवर्जून सांगितले होते.

असे असूनही मुळशी पेट्यातील शेतकऱ्याला हा प्रकल्प संकट म्हणूनच भेटला. पन्नासहून अधिक गावांची भातखाचरे, घरे आणि देवळे पाण्याखाली जाणार होती. भूसंपादन कायद्याने सरकार जमीन घेऊन कंपनीला देत होते, आणि ज्याची जमीन जाणार त्याला विचारण्याची तरतूद त्या व्यवहारात जवळजवळ नव्हती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे यांनी त्याची संघटना बांधली आणि पांडुरंग महादेव बापट यांना याच लढ्याने ‘सेनापती’ ही पदवी दिली. कायद्याने मिळालेल्या अधिकारावर न थांबता लोकांशी बोलून मार्ग काढावा, असे गांधीजींनी त्याच वर्षी ‘यंग इंडिया’तून टाटांना सुचविले होते. लढा १९२४ अखेरपर्यंत रेंगाळला. पुण्याच्या सावकारांकडे अनेक जमिनी अडकलेल्या होत्या, त्यांना मोबदला घेणे सोयीचे वाटले आणि कसणारा कूळ एकाकी पडला. धरण पूर्ण झाले.

या प्रसंगातून कोणा एका व्यक्तीला दोषी ठरविणे हा येथे हेतू नाही. मुंबईला वीज हवी होती आणि त्या विजेने उद्योग उभे राहिले, हेही खरे आहे. परंतु नेतृत्वाच्या अभ्यासकाने एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. वडिलांचे ध्येय मुलाला बळ देते, चिकाटी देते, त्यागाची तयारीही देते. मात्र त्या ध्येयाच्या वाटेत उभा असलेला परका माणूस दिसण्याची दृष्टी त्या ध्येयातून आपोआप येत नाही. जमशेदपूरच्या कामगाराला सावली देणारे झाड त्या पत्रात होते, मुळशीच्या शेतकऱ्याचे खाचर कोणत्याच पत्रात नव्हते. ती दृष्टी दुसऱ्या वारशातून, म्हणजे रीतीच्या वारशातून, यावी लागते.

एक लाख तांदूळ

त्या दुसऱ्या वारशाचे उदाहरण येथून दूर नाही. मुळशीच्या डोंगररांगा उतरून कोकणात गेले की पेण तालुक्यात गागोदे हे लहानसे गाव लागते. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेथे विनायक नरहर भावे, म्हणजेच विनोबा, यांचा जन्म झाला. आई रुक्मिणीबाई धार्मिक वृत्तीच्या, शाळेत न गेलेल्या. वडील नरहरराव बडोदे संस्थानात नोकरीला, रसायनांची आणि रंगांच्या प्रयोगांची आवड असलेले, काटेकोर आणि शिस्तीचे गृहस्थ.

विनोबांनी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. आईने देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचे व्रत घेतले होते आणि ती रोज एकेक दाणा मोजून वाहत असे. वडिलांनी सुचविले की, एक तोळा तांदूळ मोजावेत, त्यात किती दाणे भरतात ते पाहावे आणि त्या हिशेबाने लाख दाण्यांचे वजन काढून, कमी पडू नये म्हणून थोडे अधिक घालून, एकदम वाहावेत. हिशेब बिनचूक होता. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिने मुलाला विचारले. मुलाने सांगितले की, हा केवळ गणिताचा प्रश्न नाही. एकेक दाणा उचलताना मन देवाकडे लागते, ते वजन करून साधणार नाही.

शासनाच्या आणि पंचायतीच्या कामात असलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट मनाशी ठेवावी. लाभार्थ्यांची संख्या, खर्ची पडलेला निधी, पूर्ण झालेल्या विहिरी हे सारे वजन आहे. वजनाशिवाय राज्यकारभार चालत नाही. परंतु ज्या बाईची विहीर अर्ध्यावर राहिली, तिच्यासाठी ती एकच विहीर असते. मुळशीत गावांचे क्षेत्रफळ आणि मोबदल्याची रक्कम यांचे वजन झाले. माणसे मात्र एकेक करून मोजली गेली नाहीत.

रुक्मिणीबाईंची आणखी एक रीत विनोबांनी सांगितली आहे. घरात आश्रयाला एक विद्यार्थी होता. त्याला आई ताजे, गरम अन्न वाढी आणि शिळे उरले तर ते स्वतः खाई किंवा विनोबांना देई. सर्वांना सारखे वागवावे असे सांगणारी आई असा भेद का करते, असे मुलाने विचारले. त्या परक्या मुलात आपल्याला देव दिसतो, तुझ्याविषयी मात्र आपल्याला अजून ममत्व आहे, अशा आशयाचे उत्तर आईने दिले. अधिकाराच्या जागी बसलेल्या व्यक्तीने आपल्या आणि परक्या माणसांशी कसे वागावे, याचा यापेक्षा सोपा पाठ शोधून सापडणार नाही. अधिकार असेल तर गरम भाकरी आधी परक्याला द्यावी, असा तो पाठ आहे.

वडिलांचा धडा वेगळा होता आणि तोही महत्त्वाचा होता. नरहरराव मुलाला शिस्तीसाठी मारीत असत. एके दिवशी हा मार अचानक थांबला आणि पुन्हा कधी सुरू झाला नाही. मुलाला कारण कळेना. सोळावे वर्ष लागलेल्या पुत्राला मित्राप्रमाणे वागवावे असे शास्त्रवचन आहे, आणि ज्या दिवशी मार थांबला त्या दिवशी आपल्याला सोळावे वर्ष लागले होते, असा उलगडा त्यांना पुढे झाला. आपल्या अधिकाराची मुदत कोठे संपते हे ओळखून तो त्या दिवशी खाली ठेवणे, ही गोष्ट फार थोड्या वडिलांना साधते आणि त्याहूनही थोड्या पुढाऱ्यांना.

१९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला, तेव्हा विनोबांनी जमीन मागितली ती घरातील मूल म्हणून. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा माना आणि सहावा हिस्सा द्या, अशी त्यांची मागणी होती. हाती कायदा नाही, पोलीस नाही, केवळ गावोगाव पायी फिरून माणसामाणसाशी बोलणे. आईची तांदूळ मोजण्याची रीत ती हीच. त्या चळवळीत चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान जाहीर झाले. परंतु दान मिळालेल्या जमिनीपैकी बरीचशी नापीक वा वादग्रस्त निघाली, कागदपत्रे अपुरी राहिली आणि मोठे क्षेत्र भूमिहीनांपर्यंत पोहोचलेच नाही. तेथे हवा होता तो वडिलांचा काटा. विनोबा स्वतः गणितप्रेमी आणि हिशेबी होते. पण चळवळीच्या पसाऱ्याला तो काटेकोरपणा पुरला नाही. मोजण्याची आस्था आणि तोलण्याची शिस्त या दोहोंपैकी एकाच्या आधारावर मोठे काम उभे राहत नाही.

माफीची गरज नाही

नेतृत्वाबरोबर प्रेरणेचा प्रश्न येतो. माणूस भीतीने काम करतो, आमिषाने करतो, की आपल्यावर कोणी विश्वास टाकला म्हणून करतो? महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या बालपणात याचे उत्तर सापडते. वडील बळवंतराव प्लेगमध्ये गेले तेव्हा यशवंतराव अगदी लहान होते. निरक्षर आई विठाबाईंनी देवराष्ट्रे आणि कराड येथे कष्टाने मुले वाढविली. १९३२ च्या चळवळीत विद्यार्थिदशेतील यशवंतरावांना अटक झाली. मुलाने माफी मागितली तर सुटका होईल, असे एका शिक्षकाने आईला सुचविले. आईने ते नाकारले. माफी मागण्याचे कारण नाही, प्रकृतीला जपावे, एवढेच तिने मुलाला सांगितले. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात यशवंतरावांनी हा प्रसंग कृतज्ञतेने नोंदविला आहे.

मुलाला तुरुंगात राहू देणे त्या माउलीला सोपे नव्हते. तिने मुलाला लढ्यात ढकलले नव्हते आणि मागेही ओढले नाही. निर्णय त्याचा होता, तो तिने त्याच्यापाशीच राहू दिला आणि त्या निर्णयाला शोभेल असे त्याने वागावे ही अपेक्षा मात्र ठेवली. यशवंतरावांच्या कारकिर्दीत महाराष्ट्राने जिल्हा परिषदेचा कायदा १९६१ मध्ये केला आणि १ मे १९६२ पासून तो अमलात आला. जिल्ह्याचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती न ठेवता निवडून आलेल्या ग्रामीण माणसांकडे सोपविण्याचे ठरले. त्या धोरणाला वसंतराव नाईक समितीचा विचार, राजकीय परिस्थिती अशी अनेक कारणे होती. परंतु शाळा न शिकलेल्या आईच्या शहाणपणावर वाढलेल्या नेत्याला, कमी शिकलेला ग्रामस्थ कारभार करू शकतो यावर विश्वास ठेवणे जड गेले नसावे.

विठाबाईंनी जे उपजत जाणले, त्याची पडताळणी पुढे अभ्यासकांनीही केली. १९५९ मध्ये अमेरिकेतील रोझेन आणि डी'अँड्रेड या संशोधकांनी चाळीस मुलांवर एक प्रयोग केला. मुलांचे डोळे बांधून त्यांना एका हाताने वेड्यावाकड्या ठोकळ्यांचा मनोरा रचायला सांगितले. आईवडील जवळ बसलेले. त्यांना बोलण्याची मुभा, ठोकळ्याला हात लावण्याची मनाई. यशाची प्रेरणा प्रबळ असलेल्या मुलांचे आईवडील मुलाकडून उंच मनोऱ्याची अपेक्षा ठेवीत, त्याला आपुलकीने प्रोत्साहन देत आणि त्यांचे वडील ‘असे ठेव, तसे ठेव’ असे हुकूम तुलनेने कमी देत, असे आढळले. अपेक्षा मोठी, आपुलकी भरपूर आणि हुकूम थोडे, हे सूत्र वर्गात, कार्यालयात आणि ग्रामसभेतही तितकेच लागू पडते.

वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे

येथे एक शंका रास्त आहे. ज्याला असे आईवडील लाभले नाहीत त्याने काय करावे? पुण्याच्याच जोतीराव फुले यांचे चरित्र याचे उत्तर देते. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारल्या आणि त्यांचा सांभाळ सगुणाबाई क्षीरसागर यांनी केला. वडील गोविंदराव यांनी लोकांच्या सांगण्यावरून मुलाची शाळा बंद केली आणि पुढे हितचिंतकांनी समजावल्यावर ती पुन्हा सुरूही केली. १८४८ मध्ये जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा समाजाच्या दडपणामुळे १८४९ मध्ये याच वडिलांनी त्यांना आणि सावित्रीबाईंना घराबाहेर काढले. वडिलांनी दिलेले शिक्षण जोतीरावांनी घेतले, वडिलांचे भय घेतले नाही. वारशातील काय ठेवावे आणि काय टाकावे, हे ठरविण्याचा अधिकार माणसाला असतो, आणि जन्मदात्री नसतानाही दुसरी व्यक्ती आईची जागा घेऊ शकते. प्रत्येक शिक्षकाने सगुणाबाईंचे नाव यासाठी लक्षात ठेवावे.

प्रौढ वयातही माणूस बदलू शकतो. १९६० नंतरच्या दशकात मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील व्यापाऱ्यांना प्रेरणेविषयीचे अल्पकालीन प्रशिक्षण दिले. स्वतःच्या उद्दिष्टांचा डोळसपणे विचार करायला शिकलेल्या अनेकांनी पुढे आपला व्यवसाय वाढविला. बालपणी पडलेले वळण पक्के असते, पण ते ओळखल्यानंतर बदलणे अशक्य नसते.

आजचे कर्तव्य

मुळशी तालुका आता झपाट्याने पालटला आहे. हिंजवडी, माण परिसरात माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या. एकेकाळी भात पिकविणाऱ्या जमिनीला मोल आले. एका पिढीपूर्वी ज्या घरात जमीन गेल्याचे दुःख होते, त्या घरात आज जमीन विकल्याचा पैसा आहे. त्या पैशावरून भावाभावांत वाद होतो तेव्हा, बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला सांगितले जाते तेव्हा, वाड्यावरून कातकऱ्याला हुसकावले जाते तेव्हा घरातील मूल ते पाहत असते. वीस वर्षांनी ते ग्रामपंचायतीत बसेल, तेव्हा याच धड्याप्रमाणे कारभार करील.

हा प्रवाह उलटही वाहतो. घडलेले नेतृत्व आईवडिलांनाही घडविते. १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या आणि २०११ पासून महाराष्ट्रात हे प्रमाण निम्म्यावर आले. पश्चिम बंगालमधील ४९५ गावांत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ज्या गावांत लागोपाठ दोन निवडणुकांत सरपंचपद महिलांसाठी राखीव होते, तेथे मुलाकडून आणि मुलीकडून ठेवायच्या अपेक्षांमधील आईवडिलांच्या मनातील अंतर लक्षणीय घटले होते. एक बाई पंचायतीच्या खुर्चीवर खरोखर कारभार करू लागली की गावातील घराघरांत मुलीविषयीचा विचार बदलतो. तिच्या नावावर पती किंवा सासरे कारभार करीत असतील, तर त्याच घराघरांत नेमका उलटा धडा जातो. म्हणून महिला सरपंचाला तिचे काम तिला करू देणे, ही कायद्याची अंमलबजावणी आहे तशीच ती पुढील पिढीची शाळाही आहे.

ग्रामसेवकाने अर्जदाराला आवाज चढवून परत पाठविण्यापूर्वी, शिक्षकाने छडी उचलण्यापूर्वी, सभापतीने विरोधकाचे बोलणे तोडण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःस विचारावे की, हा आवाज कोणाचा आहे आणि तो कोठे शिकला गेला. काही वेळा तो आवाज जपण्याजोगा असेल, काही वेळा नसेल. वडिलांचा काटा ज्याच्याकडे आहे त्याने आईची आस्था शिकावी. आस्था ज्याला सहज लाभली आहे त्याने हिशेबाची शिस्त अंगी बाणवावी.

मुळशीच्या जलाशयाखाली गेलेली गावे परत येणार नाहीत. परंतु यापुढे या तालुक्यात रस्ता, धरण, वसाहत किंवा कारखाना यांची योजना मांडली जाईल, तेव्हा तिच्यामुळे ज्याचे घर हलणार आहे त्याला प्रथम बोलावून विचारणारा अधिकारी आणि सरपंच असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. असा अधिकारी आणि असा सरपंच आज येथील कोणत्यातरी घरात लहानाचा मोठा होत आहे, आणि त्याचे आईवडील दाराशी आलेल्या माणसाशी कसे वागतात याकडे त्याचे बारीक लक्ष आहे.